वैशाखऱ्याचा अर्जदार

म्हातारपणी मला एक विचित्र काम चिकटलं आहे. समोरचा माणूस खरा की खोटा, ते मी तपासते. फुकट.

जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांसाठी, म्हणजे आम्हा हॅम लोकांसाठी, इंटरनेटवरचे काही पत्ते राखून ठेवलेले आहेत. पत्ते म्हणजे नुसते आकडे, चव्वेचाळीसने सुरू होणारे. इंटरनेट रांगत होतं तेव्हा कुणा शहाण्याने ते आमच्यासाठी बाजूला काढले. आता असल्या आकड्यांना बाजारात भाव आहे, त्यामुळे ज्यांनी आयुष्यात रेडिओचं बटण पिळलेलं नाही त्यांनाही एकाएकी रेडिओचं प्रेम येतं. म्हणून अर्ज आला की त्या भागातला कुणीतरी जुना हॅम अर्जदाराची पडताळणी करतो. लायसन्स खरं आहे का, चालू आहे का, आणि ज्याच्या नावाचं आहे तोच अर्ज करतोय का. आमच्या भागात जुनं म्हणून मीच उरले. शहापुरात घर, गच्चीवर एरियल, दोन्ही गुडघ्यांत वात.

आता कुणी म्हणेल, म्हातारी जन्मापासून संशयी असणार. नव्हते हो. उलट मी इतकी भोळी होते की आज ती पोरगी रस्त्यात भेटली तर मी तिला दोन रट्टे देईन. चोविसाव्या वर्षी मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते आणि नवंनवं लायसन्स मिळालं होतं. तेव्हा मोर्सची परीक्षा द्यावी लागे. कट्ट कडकट्ट असं बोटाने वाजवायचं आणि पलीकडच्याने ऐकायचं. प्रत्येकाची वाजवायची ढब वेगळी असते, तिला आम्ही ‘हात’ म्हणतो. तर कुठल्याशा लांबच्या गावच्या एका हातावर माझा जीव जडला. काय तो ठेका, काय तो सावकाशपणा. मनात मी त्याला उंची दिली, मिशा दिल्या, सरकारी नोकरीसुद्धा दिली. पुढे पुढे त्याच्याशी वाजवायला बसण्याआधी मी वेणीत अबोली माळायला लागले. मोर्ससाठी. पलीकडे दिसणार काय, तर कट्ट कडकट्ट. एके दिवशी तो हात सदेह भेटायला आला. कवळी लावलेले, थरथरत्या मानेचे आजोबा. त्यांनी माझ्यासाठी चिक्की आणली होती आणि दारातूनच ‘बेटी’ म्हणून हाक मारली. मी अबोलीचा गजरा ओरबाडून काढला आणि परसात फेकला.

तेव्हापासून मी ठरवलं की माणूस डोळ्याने पाहिल्याशिवाय खरा मानायचा नाही. आणि पाहिला म्हणजे खरा, एवढंच शहाणपण घेऊन मी पुढली सगळी वर्षं काढली. ते किती तोकडं होतं हे कळायला मला मुरबाड तालुक्यात जावं लागलं.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. वैशाखऱ्याच्या एका पत्त्यावरून अर्ज आला. माळशेजच्या रस्त्याला लागलं की ते गाव येतं. लायसन्स खरं होतं, मुदत अजून बरीच होती, नाव आणि कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची सरकारी ओळख, दोन्ही जुळत होती. मला आनंद झाला, कारण तिकडच्या डोंगरात कुणी हॅम आहे हे मला माहीतच नव्हतं. मी लिहिलं, एकदा हवेवर या, म्हणजे रेडिओवरून बोला, दोन शब्द बोलू आणि काम झालं. उत्तर इंग्रजीत आलं की एरियल वादळात पडली आहे, दुरुस्त होईल, तोवर कृपया मंजुरी द्यावी. दोनदा विचारलं, दोनदा तेच. घाई असलेल्या माणसाची एरियल नेहमी पडलेलीच असते. पण वैशाखरे काही लंडन नव्हे. आमच्या आळीतल्या जीपवाल्याला म्हटलं, चल रे, सापगाव किन्हवलीवरून मुरबाड, तिथून पुढे घाटाकडे. तो म्हणाला, “आजी, एवढ्या लांब कोणाला पाहायला? स्थळ आलंय का?” म्हटलं, हो, माझ्यासाठीच.

गावाच्या अलीकडे रस्त्याला एक मोठं वळण आहे, तिथून घर दिसत होतं. छपराला बांबू बांधलेला, बांबूवरून उतरलेली तांब्याची तार. तार शाबूत. एरियल पडली म्हणणाऱ्याची एरियल धडधाकट उभी होती आणि तिच्यावर लुगडं वाळत होतं. ओटीवर पस्तिशीची एक बाई सुपात तांदूळ निवडत बसलेली. कपाळावर कुंकू, गळ्यात काळी पोत. मी मनात टिपून घेतलं की नवरा हयात आहे. पडताळणीची सवयच तशी, कपाळ बघून अर्धा अर्ज भरून होतो.

आणि दुसरी एक सवय आहे. आधी आपण कोण, कशाला आलो, हे सांगायचं नाही. सांगितलं की माणसं शिकवलेली उत्तरं देतात. आधी विचारायचं.

“मालक घरात आहेत का?”

“नाय.”

“कामावर गेलेत?”

ती सुपाकडे बघत तांदूळ निवडत राहिली. मला वाटलं लाजली. म्हटलं, “काही नाही, त्यांनी पंधरा दिवसांपूर्वी कॉम्प्युटरवरून एक अर्ज पाठवलाय. तो त्यांनीच पाठवला ना, तेवढं विचारायला आले.”

तिने सूप खाली ठेवलं. अगदी हळू, आत दिवा ठेवलेला असावा तसं.

“कोणी पाठवला?”

“तुमच्या मालकांनी.”

“कुठून?” ती उठून माझ्याजवळ आली आणि तिने माझं मनगट धरलं. “आजी, कुठून पाठवला? कुठं हायत ते?”

मागच्या पडवीतून तिचा दीर बाहेर आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग वहिनीच्या हाताकडे, आणि म्हणाला, “काय सांगितलंत तुमी हिला?”

त्यानेच मग मला बसवून सगळं सांगितलं. त्याचा भाऊ मुरबाडला कारखान्यात वायरमन होता. रेडिओचा नाद लागला, परीक्षा दिली, लायसन्स आलं तेव्हा त्याचा फोटो काढून इंटरनेटवर टाकला आणि गावाला पेढे वाटले. चार पावसाळ्यांमागे घाटात दरड आली, रस्ता तुटला, मोबाइल बंद पडले, वर गाड्या अडकल्या. हा मोटरसायकलवर रेडिओ बांधून गेला. गाडी खाली रस्त्याला लावून, तार घेऊन वर चढला. त्याचा निरोप पोचला, मदत आली, गाड्यांतली माणसं उतरवली. मग दुसरी दरड आली. मोटरसायकल जागेवर उभी सापडली. तो सापडला नाही. महिनाभर माती उपसत होते.

त्या पावसाळ्यात मी यजमानांच्या शेवटच्या आजारपणात लेकीकडे नाशकाला होते, रेडिओ कपाटावर धूळ खात होता. घाटात कुणी गेल्याचं कानावर आलं होतं. तो आमच्यातला होता हे नाही.

“सरकार सात वर्षं झाल्याबिगर मेला म्हणत नाय,” दीर म्हणाला. “आनि ही तर कधीच म्हणत नाय. आमी कसंबसं हिला जेवायला बसवतो. त्यात तुमी आलात.”

पाणीसुद्धा तिनेच आणून दिलं. मी म्हटलं, “बाई, माझं ऐका. हा बहुतेक कुणीतरी भामटा आहे. लायसन्सचा तो फोटो उचलून त्याने अर्ज केलाय. असले अर्ज येतात आमच्याकडे.”

“बहुतेक म्हंजे?” तिने विचारलं. “नक्की नाय ना?”

“नक्की असं तपासल्याशिवाय नाही सांगता येत.”

“तुमचं कामच ते ना? मंग तपासा.”

जन्मभर लोकांना नियम सांगत आले, आणि त्या बाईने तो माझ्याच ओटीत घातला. मी कबूल झाले. म्हटलं, मला असं काहीतरी सांगा जे फक्त त्यांना आणि तुम्हालाच ठाऊक असेल, मी त्याला विचारते. ती विचार करत बसली. मग म्हणाली, “कामावरनं येताना त्या वळणावर हॉर्न वाजवायचे. रोज.”

“कसा?”

ती दिराकडे बघून जरा अवघडली. तो उठून गोठ्याकडे गेला. मग तिने तोंडानेच वाजवून दाखवलं. तीन लांब, दोन आखूड. पुन्हा तीन लांब, दोन आखूड. ठेका इतका चोख की परीक्षेत पहिली आली असती.

“चहा ठेव, असं सांगायचे ते,” ती म्हणाली. “वळणापासनं घरापर्यंत आधण येतं बरोबर.”

मी मान डोलावली. त्या खुणेचा अर्थ चहा नव्हे, हे मला कळलं होतं.

घरी आल्यावर मी अर्जदाराला मराठीत लिहिलं, तुमची पत्नी विचारते आहे, घराच्या वळणावर तुम्ही रोज काय वाजवत होता? लिहून पाठवलं आणि मग डोक्यात हात मारला. पत्नी विचारते आहे. एवढे तीन शब्द मी त्याला फुकट दिले. दाराला कुलूप घालून किल्ली चोराच्या हातात द्यावी तशी अक्कल. चोविशीतली ती अबोलीवाली अजून मेलेली नाही, अधूनमधून माझ्या हातून लिहिते.

आणि झालं तसंच. पहिल्यांदाच मराठीत उत्तर आलं, गुळगुळीत, पाठ्यपुस्तकातलं. ‘अपघातात माझी स्मृती गेली आहे. काही आठवत नाही. माझ्या पत्नीस सांगावे की मी सुखरूप आहे. पत्ते मंजूर होताच मी तिच्याशी संपर्क करीन.’

मी ते तिला सांगितलं नसतं तर चाललं असतं का? शब्द दिला होता. फोनवर वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात उभी. मुरबाडहून जीप बदलत एकटी आली होती, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी गावठी कारली.

“दाखवा,” ती म्हणाली.

मी कॉम्प्युटर लावला. तिने पदराने हात पुसले आणि पडद्यासमोर बसली. एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलं. “सुखरूप,” ती म्हणाली. “ते सुखरूप म्हणायचे नाय. बरा हाय म्हणायचे.” मला वाटलं, चला, हिलाच कळलं. पण लगेच म्हणाली, “डोक्याला मार लागला की माणसाची भाषा बदलत असंल. आमच्या गावात एक झाडावरनं पडला, तो हिंदी बोलायला लागला.”

“अगं बाई, तो भामटा आहे.”

“द्या ना त्याला, काय मागतो ते. आकडेच ना? तुमच्या बापाचं काय जातं?”

“उद्या तो तुझ्या नवऱ्याच्या नावावर ते विकेल, त्यावरून लोकांना फसवेल. बदनामी त्याची होईल.”

“होऊं दे. नाव तरी चालतं राहील.” मग माझ्या कपाळाकडे बघून म्हणाली, “तुमचे यजमान?”

“गेले.”

“पाहिलंत तुमी?”

“हो. मीच आंघोळ घातली.”

“मंग तुमाला काय कळणार.”

माझ्या वाट्याला निदान एक देह आला होता. तिच्या वाट्याला ताडपत्री घातलेली एक मोटरसायकल.

मी विचारलं, “तुम्हाला मूल?”

“नाय.”

मी पुन्हा लिहायला बसले. ती शेजारी होती, पण मी काय लिहिते हे मी तिला आधी सांगितलं नाही. लिहिलं, तुमची मुलगी रोज तुमची वाट बघते, तिला काय सांगू? पाठवलं आणि भाकरी थापायला उठले. आम्ही जेवत होतो तेव्हा कॉम्प्युटर वाजला. खरकट्या हाताने उठून आम्ही दोघी गेलो. ‘माझ्या लाडक्या मुलीस अनेक आशीर्वाद. तिला सांगा, बाबा लवकरच येतील.’

ती उभ्यानेच वाचत होती. “मुलगी,” असं एकदाच म्हणाली. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मला शिव्या देईल की असला प्रश्न विचारला म्हणून. दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या, माझी पडताळणी कुठे लागणार हे मला ठाऊक होतं. ती परत ताटावर जाऊन बसली आणि उरलेली भाकरी संपवली. अन्न टाकायचं नाही म्हणून.

हात धुऊन आली आणि म्हणाली, “आता काय करतात?”

“नामंजूर करतात.”

“करा मंग. मी हाय तवर करा.”

मी बटण दाबलं. अर्ज पडद्यावरून गेला.

“झालं?”

“झालं.”

“एवढंच?” तिने रिकाम्या पडद्याकडे बघितलं. मग पिशवी उचलली आणि निघाली. मी स्टँडपर्यंत सोबत येते म्हटलं, तर म्हणाली, “नको. मला येतं जायला.”

तो भामटा पुढे दुसऱ्या एका वारलेल्या हॅमच्या कॉलसाइनवर आला, भाषा तीच गुळगुळीत. या वेळी मी त्याला काहीही विचारलं नाही. मेलेल्यांची यादी माझ्याकडे आता त्याच्यापेक्षा चांगली आहे.

महिन्याभराने दिराचा फोन आला. “आजी, वहिनी तयार झाली. शेवटचं करून घेतो. तुमीच नक्की केलंत, तवा तुमी या.” आवाजात राग होता की नाही, मला ओळखता आलं नाही.

देह नसला की पळसाच्या पानांचं माणूस करतात. पानं आणि दर्भ बांधून डोकं, हात, पाय. नदीकाठी पुरुष ते रचत होते, बायका लांब उभ्या. भटजी एकेक पान मोजून लावत होते, अन् दीर त्यांना पानं देत होता. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. कपाळ मोकळं होतं. पानांच्या माणसाकडे बघत हळूच म्हणाली, “आजी, ह्याला तपासलंत का? हा तरी खरा हाय ना?”

मला हसू आलं. ती हसत नव्हती. ती खरंच विचारत होती. मी म्हटलं, “खरा आहे.” आयुष्यात कुणाला तपासल्याशिवाय दिलेलं ते माझं एकमेव प्रमाणपत्र. पानं ओली होती, पेट घेईनात. दिराने दोनदा रॉकेल ओतलं. धूर सगळा आमच्याकडे आला.

घरी परतल्यावर चुलीशी आम्ही दोघीच होतो, तेव्हा मी तिला हॉर्नचं सांगितलं. तीन लांब दोन आखूड म्हणजे मोर्समध्ये आठ. दोनदा वाजवलं की अठ्ठ्याऐंशी. आम्ही रेडिओवाले बोलणं संपवताना एकमेकांना आकड्यात निरोप देतो, आणि हा आकडा बाहेरच्या कुणाला देत नाहीत. तो बायकोसाठी असतो. प्रेम, आणि पुढचं जे काही, ते सगळं त्यात येतं. तेव्हा दीर गोठ्यात, हाकेच्या अंतरावर होता, म्हणून सांगितलं नाही.

ती चुलीत काटकी सारत होती. ती पेटली तेव्हा म्हणाली, “रोज वाजवायचे. गावच्या रस्त्यावर. सगळ्यांच्या देखत.”

“कुणाला कळत होतं?”

“मला तरी कुठं कळत होतं.” मग म्हणाली, “मी चहा ठेवायची, ते चुकत तर नवतं ना?”

“नाही गो,” मी म्हटलं. “बरोबर उत्तर होतं ते.”

असल्या घरातून निघताना ‘येते’ म्हणायचं नसतं. मी काही न बोलता जीपमध्ये बसले. तीही ओटीवर आली नाही. ऊन कलायला लागलं होतं, समोर डोंगर, त्याच्यावर चार पावसाळ्यांनंतरही दरडीचा तो तांबडा ओरखडा तसाच, गवत न धरलेला. जीप वळणाशी आली. माझा हात पुढे गेला, हॉर्नकडे. तीन लांब, दोन आखूड. तिला आता अर्थ ठाऊक आहे, एकदा शेवटचा निरोप कानावर पडू दे, असलं काहीतरी गोड माझ्या मनात आलं होतं. चोविशीतली ती असती तर तिने नक्की वाजवला असता, आणि घरी जाईपर्यंत स्वतःच्याच मोठ्या मनाने गहिवरली असती.

पण आत चुलीशी बसलेल्या बाईने तो ऐकला असता. आणि उठली असती.

“आजी, काय पायजे?” जीपवाल्याने विचारलं. “हॉर्न देऊ? समोर गाडी हाय का?”

“नाही,” मी हात मागे घेतला. “देऊ नको. सावकाश घे, पण देऊ नको.”